विषारी झाडावरची प्रत्येक अळी विषारी नसते

प्रश्न असा आहे: रुईच्या पानांवर वाढलेल्या फुलपाखराला पक्षी तोंड लावत नाहीत, कारण रुईचं विष त्याच्या अंगात उतरलेलं असतं, असं म्हणतात. मग तेच विष खाऊन अळी स्वतः कशी मरत नाही? आणि विषारी झाड खाणारा प्रत्येक कीटक असाच विषारी होतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. नाही, होत नाही. विषारी पान खाऊन जिवंत राहणं हे एक काम आहे आणि त्यातलं विष अंगात साठवून शत्रूविरुद्ध वापरणं हे दुसरं. दोन्हींना लागणारी शरीरातली व्यवस्था वेगळी असते. पहिलं काम करणारे कीटक भरपूर आहेत, दुसरं जमलेले त्यामानाने थोडे.

एकाच झाडावर हा फरक बघायचा असेल तर कण्हेर घ्या. तिच्या पानांत कार्डिनोलाइड नावाची, थेट हृदयावर परिणाम करणारी विषं असतात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा बसलेला दिसतो, त्याचं शास्त्रीय नाव एफिस नेरी. तो हे विष अंगात साठवतो. त्याच झाडावर कॉमन क्रो या फुलपाखराची अळी असते. तीही कण्हेरीवरच पोसते, पण कार्डिनोलाइड आत ठेवत नाही. तिसरा भिडू म्हणजे कण्हेरीवरच्या हॉकमॉथ पतंगाची जाडजूड हिरवी अळी, डॅफ्निस नेरी. तिच्या शरीरात या विषाचं लक्ष्य जसंच्या तसं नाजूक आहे. पण आतड्यातून आत शिरणाऱ्या विषाला आणि मज्जातंतूंपर्यंत पोचू पाहणाऱ्या विषाला वाटेतच अडवलं जातं. म्हणून ती विष खाऊनही निभावते. पक्ष्यांपासून वाचण्यासाठी तिची भिस्त पानात मिसळून जाणाऱ्या रंगावर आणि पाठीवरच्या डोळ्यासारख्या ठिपक्यांवर आहे. झाड एक, विष एक, तीन कीटकांचे मार्ग तीन.

आता अळी मरत का नाही, याकडे वळू. प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर फेकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक प्रथिनाचा पंप असतो. मज्जातंतूंमधले संदेश, हृदयाचे ठोके, मूत्रपिंडाचं काम, सगळं याच्या जिवावर चालतं. कार्डिनोलाइडचा रेणू या पंपाच्या एका खोबणीत जाऊन घट्ट बसतो आणि पंप थांबतो. डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळणारं हृदयरोगावरचं औषध याच कुळातलं आहे. डोस जरा चुकला की तेच विष ठरतं, ते याच कारणामुळे.

रुईच्याच कुळातल्या मिल्कवीड या अमेरिकेतल्या झाडांवर वाढणाऱ्या मोनार्क फुलपाखरात हा पंप बदललेला आहे. प्रथिनाच्या साखळीतल्या १२२ क्रमांकाच्या जागी बहुतेक कीटकांत अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल असतं, मोनार्कमध्ये तिथे हिस्टिडीन आहे. १११ आणि ११९ या जागांवरही फरक आहेत. एवढ्या बदलांनी विषाचा रेणू खोबणीत नीट बसेनासा होतो. गंमत म्हणजे हीच वाट एकट्या मोनार्कने काढलेली नाही. ढेकणांच्या, भुंगेऱ्यांच्या आणि माश्यांच्या कुळांतले जे जे कीटक कार्डिनोलाइड असलेल्या झाडांकडे वळले, त्यांतल्या अनेकांमध्ये त्याच जागांवर बदल झालेले सापडले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मांडले. उत्क्रांतीला तेच तेच उत्तर पुन्हा सापडतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

२०१९ मध्ये तर साध्या फळमाशीच्या जनुकात क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने हे तिन्ही बदल घालून पाहिले गेले. माशा मोनार्कइतक्याच निर्धास्तपणे विष पचवू लागल्या. त्यात एक बारकावा फार बोलका आहे. फक्त १२२ ची जागा बदललेल्या माश्या विषाला दाद देत नव्हत्या, पण नळी जोरात हलवली की त्यांना काही काळ लकवा मारल्यासारखं व्हायचं. म्हणजे पंप विषापासून वाचला, पण त्याच्या नेहमीच्या कामात खोट आली. ११९ चा बदल सोबत असला की ही खोट बरीच भरून निघायची. कोणता बदल आधी आणि कोणता नंतर, याला महत्त्व का आहे, ते यावरून कळतं.

पण नुसता पंप बदलला म्हणून कोणी विषारी होत नाही. विष आतड्याच्या भिंतीतून आत घ्यावं लागतं, रक्तातून फिरवावं लागतं, योग्य जागी साठवावं लागतं, आणि अळीचा कोष व कोषाचं पाखरू होताना शरीराची जी सगळी मोडतोड होते त्यातूनही ते टिकवावं लागतं. मोनार्कच्या अळीला खाद्यात मिळणारी सगळी कार्डिनोलाइडं सारखी मानवत नाहीत. मिल्कवीडच्या काही जातींतलं व्होरुस्कॅरिन नावाचं विष तिच्या बदललेल्या पंपालाही त्रास देतं. अळी त्याचं रूपांतर कॅलोट्रोपिन आणि कॅलॅक्टिन या सौम्य पडणाऱ्या रूपांत करते आणि मग साठवते. या कामाला ऊर्जा लागते, आणि व्होरुस्कॅरिन जास्त असलं की अळीची वाढ मंदावते. विष फुकट मिळतं हा समज इथे गळून पडतो.

साठवणीची जागाही विचारपूर्वक ठरवल्यासारखी असते. प्रौढ मोनार्कच्या पंखांत विषाचं प्रमाण शरीराच्या इतर भागांपेक्षा जास्त आढळतं. पक्षी पहिली चोच मारतो ती बहुतेकदा पंखावर, आणि कडूपणा तिथेच कळला तर फुलपाखरू फाटक्या पंखांनिशी का होईना, सुटतं. मिल्कवीडवरच्या लाल-काळ्या ढेकणात तर कडेने दुहेरी कातडीच्या आत विषाने भरलेली पोकळी असते. त्याला चिमटीत धरलं की शरीराच्या कडांवर बारीक थेंब उभे राहतात. भिंगातून बघा, थेंब ठरलेल्या जागांवरच येतात.

या सगळ्याचा पहिला पुरावा प्रयोगातून कसा मिळाला तेही सांगायला हवं. लिंकन ब्रॉवर आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात कोबीवर जगणाऱ्या मोनार्कच्या अळ्यांची एक पैदास तयार केली. कोबीत कार्डिनोलाइड नाही. त्या अळ्यांपासून झालेली फुलपाखरं ‘ब्लू जे’ नावाच्या पक्ष्यांनी बिनदिक्कत खाल्ली. विषारी मिल्कवीडवर वाढलेलं फुलपाखरू खाल्लेल्या पक्ष्याला मात्र थोड्याच वेळात उलटी झाली, आणि नंतर त्याने मोनार्ककडे पाहिलंसुद्धा नाही. फुलपाखराची जात तीच, फक्त खाद्य बदललं. १९६८ मध्ये तादेउश राइखस्टाइन आणि मिरियम रॉथशिल्ड यांच्या गटाने मोनार्कमधली विषं रासायनिकदृष्ट्या ओळखली. हे राइखस्टाइन म्हणजे कॉर्टिसोनसंबंधीच्या कामासाठी १९५० चं नोबेल मिळालेलेच.

इथे अळीची एक सवय जवळून बघण्यासारखी आहे. रुई किंवा मिल्कवीडच्या पानावर मोठी अळी बसली की ती लगेच खायला लागत नाही. आधी देठाजवळ मधली शीर कुरतडते. पांढरा चीक भळाभळा येतो, अळी मागे सरते, तोंड पुसल्यासारखं करते, पुन्हा कुरतडते. शेवटी पान मलूल होऊन खाली लोंबायला लागतं आणि मग ती कापलेल्या जागेच्या पुढचा भाग निवांत खाते. आता चिकातच कार्डिनोलाइड सर्वात जास्त असतं. विष गोळा करणाऱ्या अळीने ते वाहून का जाऊ द्यावं? कारण तिचा खरा धोका डिंकासारख्या चिकटपणाचा आहे. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या कितीतरी अळ्या पहिल्याच चाव्यात तोंड चिकटून मरतात. विषाला उत्तर पंपात आहे, गोंदाला उत्तर वागण्यात.

माझा आवडता विषय मात्र कार्डिनोलाइड नाही, पायरोलिझिडीन अल्कलॉइड हा आहे. खुळखुळा आणि भुरुंडी यांसारख्या वनस्पतींत ती असतात. वनस्पती ती बहुतांशी एन-ऑक्साइड या निरुपद्रवी रूपात ठेवते. पृष्ठवंशी प्राण्याने ती खाल्ली की आतड्यात त्यांचं मुक्त अल्कलॉइड होतं, ते यकृतात जातं आणि यकृतच त्याचं जहाल विषात रूपांतर करतं. म्हणजे खाणाऱ्याचं स्वतःचं यकृतच त्याचा घात करतं. सिनाबार पतंगाच्या अळीने यावर तोड काढली आहे. तिच्या आतड्यातूनही मुक्त अल्कलॉइड आत येतं, पण रक्तात येताच एक एन्झाइम त्याला परत एन-ऑक्साइड करून टाकतं. अळीच्या अंगात ते निरुपद्रवी रूपात पडून राहतं. अळीला गिळणाऱ्याच्या पोटात गेलं की पुन्हा जागं होतं.

उटेथाइसा ऑर्नाट्रिक्स या देखण्या पतंगाची गोष्ट थॉमस आयझनर आणि जेरल्ड माइनवाल्ड यांनी अनेक वर्षं खपून उलगडली. याची अळी खुळखुळ्याच्या कुळातल्या झाडांच्या शेंगांत शिरून बिया खाते आणि अल्कलॉइड गोळा करते. प्रौढ पतंग सोनेरी जाळं विणणाऱ्या मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात अडकला तर कोळी येतो, चाचपतो आणि मग भोवतीचे धागे एकेक करून तोडतो. पतंग खाली पडतो आणि उडून जातो. अल्कलॉइड नसलेल्या खाद्यावर वाढवलेला पतंग त्याच कोळ्याला दिला तर तो खाऊन टाकतो. नराकडे आणखी एक उपयोग आहे. तो याच अल्कलॉइडपासून एक गंध बनवतो आणि मादीसमोर पसरतो. त्या गंधावरून मादीला नराकडे किती साठा आहे याचा अंदाज येतो, आणि मादी साठा जास्त असलेल्या नराला पसंत करते. समागमात नर शुक्राणूंसोबत अल्कलॉइडही देतो, मादी त्यात स्वतःचं घालून ते अंड्यांत उतरवते, आणि अंडी खायला आलेल्या लेडीबर्डसारख्या कीटकांना ती नकोशी होतात. एका रेणूत संरक्षण, प्रेमयाचना आणि पुढच्या पिढीची तरतूद.

आणि हे अल्कलॉइड अळीपणीच मिळवायला हवं असंही नाही. रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराचे नर वाळलेल्या, चुरगळलेल्या भुरुंडीवर किंवा खुळखुळ्यावर गर्दी करून सोंडेने रस ओढत असतात ते याचसाठी. कॉमन क्रोही हेच करतो. अळीपणी कण्हेरीचं विष न साठवणारं हे फुलपाखरू मोठेपणी दुसऱ्याच झाडातून संरक्षण मिळवतं. म्हणून "अमुक कीटक विषारी कशामुळे" असं विचारलं की मी आधी विचारतो, कोणत्या वयात?

काही कीटक तयार विष साठवत नाहीत, त्याचे दोन घटक वेगवेगळे ठेवतात. मोहरी-कोबीच्या कुळात ग्लुकोसिनोलेट आणि त्याला फोडणारं मायरोसिनेज हे एन्झाइम वेगळ्या पेशींत असतात. पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि मोहरीचा झणझणीत तेलकट अंश तयार होतो. कोबीवरचा राखाडी मावा झाडातून ग्लुकोसिनोलेट घेतो, पण मायरोसिनेज झाडाचं घेत नाही. स्वतःचं बनवतो आणि स्नायूंमध्ये ठेवतो. लेडीबर्डच्या अळीने त्याला चावलं की तिच्या तोंडातच झाडासारखा स्फोट होतो. दोन ठिपक्यांच्या लेडीबर्डच्या अळ्या अशा माव्यावर मरतात. सात ठिपक्यांची लेडीबर्ड मात्र तो पचवू शकते. जैविक कीडनियंत्रणासाठी "लेडीबर्ड सोडा" असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. कोबीवरचं पांढरं फुलपाखरू याच कुळावर जगतं, पण त्याच्या अळीची रीत उलटी आहे. तिच्या आतड्यातलं एक प्रथिन ग्लुकोसिनोलेटची फोड दुसऱ्याच दिशेला वळवतं, कमी घातक पदार्थ तयार होतो आणि तो विष्ठेवाटे जातो. साठवणूक शून्य.

विलो आणि पॉप्लरवरच्या पानभुंगेऱ्यांच्या अळ्यांची पद्धत काटकसरीची आहे. झाडात सॅलिसिन असतं, म्हणजे साखरेचा रेणू जोडलेला एक पदार्थ. अळी ते पाठीवरच्या ग्रंथींत नेते, साखर तोडून स्वतःसाठी वापरते आणि उरलेल्या भागाचं सॅलिसिलाल्डिहाइड करते. काडीने हलकेच डिवचलं की पाठीवर दोन्ही बाजूंना चकचकीत थेंबांच्या रांगा उभ्या राहतात आणि कडवट बदामासारखा तीव्र वास येतो. धोका टळला की थेंब परत आत ओढले जातात. वाया काही जात नाही. मुंग्या यापासून लांब राहतात. पण एक जातीची गांधीलमाशी आणि एक जातीची फुलमाशी याच वासाच्या मागावर येऊन अळ्या शोधते.

हे सगळं शरीराच्या आत साठवल्याशिवायही करता येतं. पाइनवरच्या सॉफ्लाय या गांधीलमाशीच्या दूरच्या नातलग कीटकाच्या अळ्या झाडाची राळ आतड्याच्या सुरुवातीच्या पिशव्यांत बाजूला काढून ठेवतात आणि हल्ला झाला की तोंडातून बाहेर काढून शत्रूला माखतात. बटाट्याच्या कुळावरच्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्या स्वतःची ओली विष्ठा पाठीवर थापून फिरतात. त्यातले वनस्पतीचे पदार्थ मुंग्यांना परतवतात. दिसायला किळसवाणं, पण बिनतोड. तंबाखूवरच्या हॉर्नवर्म या अळीने तर श्वासाचाच वापर केला आहे. निकोटिनचा बहुतेक भाग ती विष्ठेतून टाकून देते, थोडासा मात्र रक्तात जाऊन अंगावरच्या श्वसनछिद्रांतून बाहेर पडतो, आणि लांडगा-कोळी त्या हवेनेच मागे हटतो.

संरक्षण कुणाचंच पूर्ण नसतं. मोनार्क हिवाळ्यात मेक्सिकोच्या डोंगरांतल्या जंगलात लाखोंनी लटकून बसतात, तिथे दोन जातींचे पक्षी त्यांना मोठ्या संख्येने मारतात. ब्लॅक-बॅक्ड ओरिओल चव घेऊन जास्त कडू फुलपाखरं टाकतो आणि पोट फाडून आतला मऊ भाग खातो. ब्लॅक-हेडेड ग्रॉसबीक पोट सरळ गिळतो. त्याच्या सोडियम पंपातही विषाला न जुमानणारे बदल सापडले आहेत. शिवाय सगळे मोनार्क सारखे विषारी नसतात. मिल्कवीडच्या जातीजातींत कार्डिनोलाइडचं प्रमाण फार वेगळं असतं, म्हणून एकाच थव्यात जहाल विषारी आणि जवळजवळ बिनविषारी अशी दोन्ही फुलपाखरं सापडतात. बिनविषारी असलेली आपल्याच विषारी भाऊबंदांच्या नावावर जगतात.

किंमतीचा हिशेब परोपजीवींच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतो. बकआय फुलपाखराच्या अळीने झाडातलं इरिडॉइड ग्लायकोसाइड नावाचं विष जास्त साठवलं की तिची प्रतिकारशक्ती घसरते; अंगात शिरलेल्या परक्या वस्तूभोवती आवरण तयार करून ती निकामी करण्याचं काम तिला नीट जमत नाही. म्हणजे पक्षी-मुंग्यांपासून सुटका, पण आतून पोखरणाऱ्या गांधीलमाशीपुढे दुबळी. उलट बाजूही आहे. एका केसाळ अळीवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात परोपजीवी माशीच्या अळ्यांनी ग्रासलेल्या अळ्या पायरोलिझिडीन अल्कलॉइड जास्त खातात आणि त्यामुळे वाचण्याचं त्यांचं प्रमाण वाढतं, असं दिसलं. निरोगी अळ्यांनी तेवढंच जास्त खाल्लं तर मात्र त्यांच्या जिवावर बेततं. मी याला औषध घेणंच म्हणेन. काही सहकाऱ्यांना हा शब्द जड वाटतो.

शेवटी व्यवहाराचा मुद्दा. एखादा कीटक झाडाचं विष खरंच साठवतो का, हे भडक रंगावरून ठरवू नका. रंग सूचक आहे, पुरावा नाही. एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांचे दोन गट करा, एक विषारी झाडावर आणि दुसरा त्याच कीटकाला चालणाऱ्या सौम्य झाडावर वाढवा, आणि दोन्ही गटांतले कीटक एकाच मुंग्यांच्या वारुळाजवळ किंवा एकाच जातीच्या कोळ्याला देऊन पाहा. दोन्ही गट सारखेच नाकारले गेले तर संरक्षण कीटक स्वतः बनवतो. बर्नेट पतंगासारखे काही कीटक तर सायनाइड सोडणारं नेमकं तेच संयुग झाडातूनही घेतात आणि स्वतःही बनवतात, तेव्हा एका प्रयोगावर पैज लावू नका. रासायनिक तपासणी लागेलच. विष्ठाही तपासायला द्या. विष सगळं विष्ठेत सापडलं तर अळी ते फक्त आरपार जाऊ देते आहे.

आणि हे करताना रुईच्या चिकाचे हात डोळ्यांना लावू नका. बुबुळाला गंभीर इजा होते, आणि पहिल्यांदा फारसं दुखत नसल्यामुळे माणूस गाफील राहतो. हातमोजे घाला, काम झालं की हात साबणाने धुवा, चव घेऊन बघायचा मोह तर अजिबात नको.